अंतोभटांचे नाग

अंतोभट पुराणिक कोणत्याही देवळात शिरले की देवाकडे बघत नसत. आधी चौकट बघत. जुन्या देवळांच्या चौकटीवर दोन्ही अंगांनी नाग कोरलेले असतात, वेटोळ्यांत वेटोळी गुंफत वरपर्यंत गेलेले. त्यांच्यापाशी ते थांबत, उपरणे सावरत आणि कुणी ओळखीचा वाटेत भेटावा तशी मान हलवीत. मागून येणाऱ्यांचा खोळंबा होई.

"अहो भटजी, देव आत आहे," कुणीतरी म्हणे.

"तो कुठे जातोय? आधी दारावरच्या माणसाशी बोलावं. घरात कोण आहे ते त्याच्याकडूनच कळतं."

पुण्यात तेव्हा श्रीमंतांचे राज्य होते. मी उत्तरेकडच्या एका सरदाराच्या वकिलाकडे अखबार लिहीत असे. म्हणजे दरबारात, पेठांत आणि घाटावर काय घडले ते लिहून जासुदाबरोबर धाडायचे. त्या कामाची शिस्त अशी, की पाहिलेले पाहिले म्हणून लिहावे आणि ऐकलेले ऐकले म्हणून. अंतोभटांविषयीही तेच करतो.

ऐकलेले असे. तरुणपणी ते हिंदुस्थानच्या मोहिमेत एका पथकाबरोबर उपाध्ये म्हणून गेले. पथक परत आले, हे आले नाहीत. घरच्यांनी वाट पाहून पाहून शेवटी कुशाची आकृती करून त्यांचे क्रियाकर्म उरकण्याचे ठरवले. तिथी नक्की झाली, आणि त्याच सुमारास ते दारात उभे राहिले. म्हणाले, "उशीर झाला का? जेवणं व्हायची असतील तर बसतो."

मधली वर्षे कुठे होतात, या प्रश्नाला त्यांची अनेक उत्तरे होती आणि सगळी वेगळी. खरे होते ते एवढेच की गोसाव्यांच्या एका जथ्याबरोबर ते नेपाळात पोचले आणि तिथल्या पाटण शहरात मूर्ती ओतणाऱ्या एका घराच्या ओसरीवर राहिले. ते घर बुद्धाची पूजा करणाऱ्यांचे. हे पुण्यात कळल्यावर ब्रह्मवृंदाने त्यांना बोलावून घेतले. ही सभा मी पाहिली.

"परमुलखात अन्न कुणाच्या हातचं खाल्लंत?"

"माझ्याच."

"सर्व वर्षं?"

"सर्व वर्षं. मी स्वयंपाक फार वाईट करतो. शास्त्रीबुवा, आणखी प्रायश्चित्त हवंच का?"

दिलेच. ते त्यांनी इतक्या आनंदाने घेतले, की देणाऱ्यांनाच ते कमी पडले असे वाटू लागले. पंचगव्य पिऊन झाल्यावर त्यांनी पळी पुन्हा पुढे केली होती, हे मात्र ऐकीव आहे.

ते कसब्याजवळच्या एका देवळात चातुर्मासात पुराण सांगत. दुपारची वेळ, श्रोते म्हणजे सोवळ्यातल्या म्हाताऱ्या आणि दप्तरातून सुटलेले कारकून. बरेचसे झोपायला येत आणि अंतोभटांना त्याचा राग नसे. "झोपा, झोपा. नाग आला की उठवतो," असे ते म्हणत. पुराणात नाग येत नसेल तर ते आणत. समुद्रमंथन असो, जन्मेजय असो की साध्या एकादशीचे माहात्म्य, थोड्या वेळाने कथा पाण्याकडे वळे, पाण्याखाली कुणीतरी राहात असे, आणि म्हाताऱ्या एकमेकींना कोपराने ढोसून जाग्या होत.

नागांविषयी त्यांना जे माहीत होते ते पुण्यात दुसऱ्या कुणाला नव्हते. ते म्हणत, पाटणचे खोरे आधी नागांचे तळे होते अशी तिथल्यांची समजूत आहे. लोक तिथे नंतर आले, म्हणून भाडेकरूच्या अदबीने राहतात. पाऊस पडला नाही तर नागाला विचारतात, जास्त पडला तरी त्यालाच. बुद्धाच्या देवळाच्या दारावर नाग, पाण्याच्या धारेवर नाग, आणि खुद्द बुद्धाच्या बैठकीखालीही नाग.

"म्हणजे नोकरच की तो," एक कारकून एकदा म्हणाला.

"होय. आपण नाही का सरकारच्या दाराशी बसत? फरक एवढाच, की तो जागा असतो."

एकदा ते काही मंडळींना घेऊन कार्ल्याच्या डोंगरावर देवीला गेले. मी बरोबर होतो. देवीच्या शेजारी डोंगर पोखरून केलेले मोठे लेणे आहे, आणि ते पांडवांनी एका रात्रीत कोरले हे सर्वांना ठाऊक असते. लेण्याच्या दर्शनी भिंतीवर कमळात बसलेला एक शांत पुरुष आहे. कमळाचा देठ खालून दोघांनी धरला आहे, आणि त्या दोघांच्या डोक्यांमागे फणा आहेत. बरोबरच्या एका हवालदाराने ते भीम आणि अर्जुन असल्याचे सांगून हात जोडले.

"भीमाला फणा कधी फुटली?" अंतोभटांनी विचारले.

"पाताळात गेला होता ना, तिकडं."

"बरं. आणि अर्जुनाला?"

हवालदाराने थोडा विचार केला. "भावाभावांत लागण होते."

अंतोभटांना हे उत्तर इतके आवडले की त्यांनी हवालदाराला स्वतःच्या शिदोरीतला लाडू दिला. मग मात्र ते त्या भिंतीसमोर बराच वेळ बसले आणि एरवीपेक्षा हळू बोलले. नागाला बुद्धाच्या लोकांनी तीनच कामे दिली, ते म्हणाले: दाराशी बसायचे, खालून आसन पेलायचे आणि वरून छाया धरायची. पाणी आणि जमीन यांच्यात ज्याचा वावर, जो सगळ्यांत आधीपासून इथे आहे, त्याने नव्या माणसाला जागा दिली असा त्याचा अर्थ. "दगडात नाग मी पुष्कळ पाहिले. चावताना एकही पाहिला नाही."

हे वाक्य ते पुढे वरचेवर म्हणत. एका श्रावणात ते ऐन रंगात म्हणत असताना देवळाच्या कोनाड्यातून खरोखरीचा साप निघाला. म्हाताऱ्या ओरडल्या, कारकून खांबांआड झाले. सगळ्यांत आधी देवळाबाहेर पोचले ते अंतोभट. साप गेल्यावरही ते बराच वेळ पारावर पाय वर घेऊन बसले होते.

"अहो, दारावरच्या माणसाशी बोलायचं होतं ना?" कुणीतरी डिवचले.

"बोलणार होतो. पण तो दगडाचा नाही असं त्याने आधी सांगितलं नाही."

आता हिंगण्याची हकीकत. ही मी जवळजवळ सगळी पाहिली.

श्रावणात पुण्यात बातमी उठली की मुठेकाठच्या हिंगणे गावात जमिनीतून सोन्याचा नाग निघाला. वकिलांनी मला खातरजमा करायला पाठवले. मी अंतोभटांना सांगितले, तर ते पुराण अर्धे टाकून निघाले. श्रोत्यांपैकी तिघे झोपेत होते, त्यांना त्यांनी उठवले नाही.

सोने नव्हते. टेकडीवरून येणाऱ्या ओढ्याच्या काठी म्हादू नावाच्या कुणब्याचे घर होते, आणि घरामागे नव्याने खणलेल्या चरात काळ्या दगडाची हातभर उंचीची मूर्ती उभी केली होती. मांडी घालून बसलेला पुरुष, डोळे अर्धे मिटलेले, खाली वेटोळ्यांचे आसन, आणि डोक्यामागून वर येऊन पुढे झुकलेल्या फणा. त्यांतली एक फणा टोकाशी फुटली होती. फुटलेली जागा ताजी, पांढरी दिसत होती.

गाव जमले होते, पण मूर्तीपाशी कुणी जात नव्हते. कारण असे की म्हादूने तो चर नागपंचमीच्या दिवशी खणला होता. त्या दिवशी जमिनीला कुदळ लावत नाहीत, नांगर धरीत नाहीत, बायका विळीवर भाजीसुद्धा चिरीत नाहीत. खाली कुठे नागाला लागेल म्हणून. म्हादूने खणले, आणि कुदळ लागली तीही नागालाच. गेल्या कित्येक पिढ्यांत गावात कुणी केले नव्हते ते त्याने एका दुपारी केले होते.

आणि म्हादूची लेक येसू हिचे लग्न ठरले होते. सुपारी फुटली होती, तुळशीचे लग्न झाले की मांडव घालायचा होता. मुलाचा बाप सुभानजी येरवड्याहून आला होता तो सोयरीक मोडायला. वाईट माणूस नव्हता. घोंगडीवर अवघडून बसला होता आणि आणलेले पाणीही पीत नव्हता.

"नाग फोडलेल्या घरची पोर," तो म्हणाला. "माज्या घरात पाळणा हलंल का? तुमीच सांगा."

येसू दाराच्या आत उभी होती. तिचा अर्धाच चेहरा दिसत होता. म्हादू कुणाकडेच बघत नव्हता.

गावाने पुण्याहून एक मोठे शास्त्री आणले होते. त्यांनी निवाडा दिला होता: त्र्यंबकेश्वरी जाऊन नागबळी करावा, वर्षभर नेम पाळावा, तोवर घरात मंगलकार्य नाही. सुभानजीने वर्षभर थांबायला नकार दिला होता. आज निदान जागेची शांत करून घ्यावी म्हणून शास्त्री पळीपंचपात्र मांडून बसले होते. ती शांत कुठल्या देवतेच्या नावे करायची, यावर त्यांचा आणि गावच्या गुरवाचा वाद जुंपला होता.

"शंकर हाय," गुरव म्हणाला. "नाग शंकराचा. माज्या देवळात बसंल."

"शेषावर विराजमान श्रीविष्णू," शास्त्री म्हणाले. "पुण्यास न्यावी लागेल."

अंतोभट मूर्तीसमोर उकिडवे बसले. फणांपासून खाली बघत आले, मग खालून वर गेले. त्यांच्या चेहऱ्यावर मी जे पाहिले ते लिहायला अवघड आहे. वीस कोसांवर राहणारा भाऊ अचानक आपल्याच गल्लीत दिसावा, तसे काहीसे होते. मग ते नेहमीसारखे झाले.

"गुरव, तुमच्या शंकराला जटा असतात ना?"

"असत्यात."

"याचे केस बघा. गोगलगायी चिकटवल्यासारखे. न्हावी वेगळा दिसतो." मग शास्त्र्यांकडे वळून, "आपल्या विष्णूला हात किती?"

"चार."

"इथे?"

"दोन दिसतात. शंख, चक्र आणि वरचे हात पाण्याने झिजले असावेत."

"नाक राहिलं, पापण्या राहिल्या, बोटांची नखं राहिली. दोन हात तेवढे मुळापासून झिजले. पाणी फार विद्वान असलं पाहिजे."

गर्दीत कुणीतरी हसले. शास्त्री लाल झाले. "मग आपणच सांगा कोण ते."

"मी कशाला? आपणच सांगाल. शांत करायची आहे ना? करा संकल्प. मोठ्याने करा म्हणजे झालं, गाव ऐकतंय."

शास्त्र्यांनी आचमन केले, उजव्या हातात पाणी घेतले आणि सुरुवात केली. कोणतेही कर्म करताना आपण कुठे आणि केव्हा आहोत ते देवाला सांगायचे असते. द्वीप, देश, नदीचा तीर, शक, सगळे ओळीने. पुण्यातला प्रत्येक ब्राह्मण हे रोज सकाळी म्हणतो आणि म्हणताना दुसऱ्याच कशाचा तरी विचार करीत असतो. शास्त्र्यांचा आवाज चांगला होता. जंबुद्वीप झाले, दंडकारण्य झाले, गोदावरीचा दक्षिण तीर झाला, शालिवाहन शक झाला, "बौद्धावतारे" झाले...

"थांबा," अंतोभट म्हणाले. "कोण म्हणालात?"

"बौद्धावतारे."

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे? सध्या बुद्धाचा अवतार चालू आहे."

"कुठे असतो तो?"

शास्त्र्यांच्या तळहातातले पाणी बोटांमधून गळत होते.

"शास्त्रीबुवा, आपण रोज सकाळी अंघोळ करून पळीभर पाणी सोडता, त्याच्या नावाने दिवस सुरू करता. मीही करतो, माझा बापही करीत होता. आणि आज तो बिचारा हिंगण्यापर्यंत चालत आला, तर आपण त्याचे हात मोजताय?"

शास्त्र्यांनी मूर्तीकडे पाहिले. गावाने शास्त्र्यांकडे पाहिले. मग शास्त्री अगदी खालच्या आवाजात म्हणाले, "संकल्पातला तो... हा?" आणि तसे म्हणताना त्यांनी हातातले उरलेले पाणी नकळत मूर्तीपुढेच सोडले. ते मनाने मोठे होते, असे मी तेव्हाही लिहिले.

अंतोभट मग गावाकडे तोंड करून बसले आणि त्यांनी पाटणला ऐकलेली कथा सांगितली. हा पुरुष एकदा झाडाखाली डोळे मिटून बसला होता. अवेळी आभाळ भरून आले आणि ओतू लागले. गार वारा, खालून पाण्याचा लोंढा, आणि हा काही उठेना. त्या झाडाच्या मुळाशी मुचलिंद नावाचा नागराजा राहात होता. तो वर आला. अंगाची वेटोळी याच्याभोवती घालून त्याने याला पाण्यापासून राखले आणि डोक्यावर फणा धरली. पाऊस उघडेपर्यंत धरून राहिला.

"म्हणजे हा नाग रागावलेला नाही," ते म्हणाले. "कामात आहे."

बायका "आगं बया" म्हणाल्या. सुभानजी मात्र मान हलवीत होता.

"कथा बरी हाय, महाराज. पर पंचमीला खणलं ते खणलंच. त्याला लागलं ते लागलंच."

"खरं आहे," अंतोभट म्हणाले. हे त्यांनी इतक्या चटकन कबूल केले की म्हादूने पहिल्यांदाच मान वर केली. "म्हादू, वर्षभराचे दिवस सोडून पंचमीलाच कशाला खणलंस?"

"वढा फुटला व्हता," म्हादू म्हणाला. "पानी घरात शिराय लागलं. आत आय पडून व्हती, तिला उठवत न्हाई. तिच्या अंथरुणापतुर पानी आलं, मंग मला पंचमी कुठली सुचतीया. घरामागनं चर काढून पानी तोडलं."

"एवढ्या पावसात? अंगावर काय होतं?"

"इरलं, दुसरं काय?"

"आण बघू."

येसूनेच ते दाराआडून पुढे केले. इरले म्हणजे शेतकरी पावसात पाठीवर घेतात ते पानांचे छप्पर. डोक्यावरून पुढे झुकलेले, मागे कमरेपर्यंत गेलेले. अंतोभटांनी म्हादूला ते डोक्यावर घ्यायला लावले आणि चरात उतरून, त्या दिवशी जसा वाकला होता तसा वाकायला सांगितले. म्हादू मूर्तीच्या शेजारी वाकला.

इथे अंतोभट काही बोलले नाहीत. त्यांच्याबाबतीत ही बातमीच होती.

डोक्यावरून पुढे झुकलेली दगडाची फणा आणि डोक्यावरून पुढे झुकलेले इरले शेजारी शेजारी होते. सगळ्यांत आधी येसू हसली. मग तिने तोंडावर पदर घेतला, पण तोवर बाकीच्यांना दिसले होते. गुरव म्हणाला, "आयला, भाऊभाऊच!" आणि एक म्हातारी पुढे होऊन आधी मूर्तीच्या पाया पडली, मग चुकून म्हादूच्या पडायला लागली. तो घाबरून इरल्यासकट मागे सरला.

सुभानजी उठून चराच्या काठाशी आला. त्याने मूर्ती पाहिली, चर पाहिला, पाणी कुठून कुठे तोडले ते पाहिले. चर पाहायला त्याने मूर्तीपेक्षा जास्त वेळ घेतला.

"चर चांगला काढलाय," तो म्हणाला.



"आमच्याकडं बी नदी चढती," तो पुढे म्हणाला. "समदी काठावर हुबं ऱ्हाऊन नारळ सोडत्यात. कुदळ घिऊन येनारा एक बी न्हाई." मग त्याने घोंगडीपाशी जाऊन मघाचे पाणी उचलले आणि पिऊन टाकले. "पर नागाचं कायतरी करा, महाराज. घरात बायका इचारतील."

"करायलाच हवं," अंतोभट एकदम गंभीर झाले. "सोपं नाही. दर पंचमीला या जागी पूजा झाली पाहिजे, आणि ती खणणाऱ्याच्या लेकीनेच केली पाहिजे. म्हणजे सुनेला दर पंचमीला माहेरी पाठवावं लागेल तुम्हाला."

"दर साल?"

"नाग दर साल येतो."

"घरी कामं असत्यात, महाराज."

"मग नागबळी. त्र्यंबकेश्वर. शास्त्रीबुवा तिथी काढून देतील."

शास्त्र्यांनी घाईने पळीपंचपात्र आवरायला घेतले. "पहिलीच तोड उत्तम," ते म्हणाले. सुभानजीने थोडा वेळ दाढी खाजवली आणि हो म्हटले. दाराआड बांगड्या वाजल्या.

परतताना वाटेत मी विचारले, माहेरी पाठवण्याला शास्त्रात आधार काय?

"तिचा चेहरा अर्धाच दिसत होता," अंतोभट म्हणाले. "दुसरा अर्धा कसा आहे ते कळायला नको?"

लग्न ठरल्याप्रमाणे झाले. मूर्ती ना गुरवाच्या देवळात गेली ना पुण्यात आली. म्हादूच्या घरामागे, ओढ्याच्या चढावर तिला दगडी ओटा बांधला.

पुढच्या श्रावणात वकिलांनी मला दुसऱ्या दरबारी पाठवले. मी निघालो त्या दिवशी पंचमी होती. ओढा चढलेला असल्याने घोडे पलीकडच्या काठाने काढावे लागले, आणि तिथून म्हादूचे घर दिसत होते. येसू येरवड्याहून आली होती. नव्या लुगड्यात, चेहऱ्याचे दोन्ही अर्धे उघडे टाकून म्हणावे तशी, ती ओट्याला हळदकुंकू वाहात होती. गावच्या माहेरवाशिणी लाह्यांच्या परड्या घेऊन भोवती जमल्या होत्या. ओट्यावरच, मूर्तीला टेकून, अंतोभट मांडी घालून बसले होते. डोळे मिटलेले. झोपले होते की काय, कोण जाणे.

येसूचा आवाज पाण्यावरून ऐकू आला. "आजोबा, फेर धरायचाय. सरका की!"

"आधी याला सांग."

"त्यो देव हाय. त्यो न्हाई सरकत."

"मी त्याच्याकडे पाहुणा आहे. तो उठल्याशिवाय मी कसा उठू?"

मुली हसल्या. मग त्यांनी सरकवण्याचा नाद सोडला, एकमेकींचे हात धरले आणि दोघांना मधे घेऊनच फेर धरला. लाह्या उडत होत्या. लुगड्यांच्या फिरत्या कड्यातून आत बसलेली दोन डोकी मधूनमधून दिसत. त्यांतले एक हसत होते. कोणते, ते इतक्या लांबून नक्की सांगता येत नाही.